चाळीस लिटर

वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये चौदा इंच.
कैलासने दोनदा टेप लावला, मी तिसऱ्यांदा,
कारण सोफ्याच्या वेळी त्याचा टेप खोटं बोलला होता.
बादल्या गच्चीवर गेल्या, पाटा-वरवंटा पलंगाखाली,
आणि टाकी बसली.
भिंतीला काच लागत नाही.
माझं कोपर लागतं, रोज, त्याच जागी.

तळाला वाळू नाही, दगड नाही, शिंपला नाही.
पीव्हीसीचे तीन तुकडे,
द्वारकेच्या प्लंबरने कापून दिलेले.
कशाला, म्हणाला. माशाला लपायला, म्हटलं.
त्याने पैसे घेतले नाहीत.
एक स्पंज, मोठ्या टाकीत महिनाभर मुरवून
विरजणासारखा इकडे आणलेला.
एक हीटर, कारण नाशिकचा डिसेंबर
मोरीतल्या तांब्यालाही सोडत नाही.

मागच्या वर्षी यातलं काही केलं नव्हतं.
नवा मासा आणला, पिशवी कापली, थेट सोडला.
अकरा दिवसांत सगळे
कढीपत्त्याच्या कुंडीत.
कढीपत्ताही गेला.

पाणी गंगापूर धरणाचं, पावणेसहाला येणारं.
त्यातलं क्लोरीन मारलं, रात्रभर हवा सोडली,
मग पिशवीतलं मीठ, चमचा-चमचा.
ही नदी त्र्यंबकला उगवते तेव्हा
समुद्र मागे दोन-तीन तासांवर असतो.
ती त्याच्याकडे पाठ करते
आणि अख्खा देश चालून दुसऱ्याच समुद्राला मिळते.
तिच्यातल्या चाळीस लिटरना
मी बाथरूममध्येच पोचवलं.

बाबा दारात उभे.
हर्णैहून आणल्याला तीन आठवडे झाले.
हॉलमध्ये खाट, खाटेखाली पेटी,
दोन्ही आपापल्या जागी अंग चोरून.
रात्री उठून गॅलरीत जातात.
पाथर्डी फाट्याचा सिग्नल तांबडा होतो, हिरवा होतो,
ते दीपगृहाकडे बघावं तसे बघत राहतात.

त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.
अळणी, म्हणाले.
मी थेंब काचेवर घेऊन मीटर उजेडाला धरला.
एक पूर्णांक शून्य एकवीस. पंचवीस हवं.
अजून तीन मुठी, म्हणाले, माझ्या. तुझ्या नव्हेत.
त्यांची मूठ मी काट्यावर रिकामी करायला लावली,
तिन्ही वेळा.
दोनशे दहा ग्रॅम.
रात्री पुन्हा मीटर. पंचवीस.
मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

आता यात तांबं पडणार, बाबा. चाखायचं नाही.
किती दिवस?
सव्वा महिना.
म्हणजे बाळंतिणीसारखं, म्हणाले,
आणि मोरीतला स्टूल ओढून बसले.

डॅमसेल कुर्ल्याहून रात्रीच्या बसने आली,
थर्माकोलच्या खोक्यात, अंगठ्याएवढी, निळी.
सोडल्यासोडल्या मधल्या पाइपात शिरली
ती चार दिवस शेपटीच दिसली.
जुई रोज शाळेतून येऊन विचारायची, आहे का?
आहे.
कशावरून?
बाबा म्हणायचे, पाणी सांगतं.
मला तर पाणी काहीच सांगत नव्हतं,
मी त्यात पट्ट्या बुडवत होते, रंग जुळवत होते,
अमोनिया पाव, अमोनिया अर्धा,
बादलीभर काढत होते, बादलीभर घालत होते,
गुडघ्यांवर, मशीनला पाठ टेकून.

एक गोष्ट मापात धरायची राहिली.
मशीन स्पिनला लागलं
की टाकीत बारीक लाट उठते.
मी प्लग काढायला धावले.
बाबांनी हात आडवा केला. राहू दे.
मासा पाइपाच्या तोंडाशी आला होता,
लाटेला तोंड करून,
कल्ले हलवत, जागच्या जागी.

टाकीवर कॅलेंडरचं जुनं पान चिकटवलंय.
शाईने आकडे माझे: तांबं, अमोनिया, तापमान.
खाली पेन्सिलने, बोटीवरच्या वहीत लिहीत तसं:

सोमवार. नाही खाल्लं.
बुधवार. दोन दाणे.
रविवार. कपडे. लाटा बऱ्या.
वारा नाही.