हवेचा पाइप

सातपूरच्या केंद्राच्या गच्चीवर
सकाळी साडेसातला आम्ही अकरा जण.
दहा पोरं विशीतली, जॅकेटच्या खिशात हात घालून
नियम पुटपुटणारी,
अकरावा मी.
छातीला लावायच्या चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलेलं:
पगारे निवृत्ती काशिनाथ, वय ४६.
आकडा जरा मोठाच काढला होता.

एकोणीस वर्षं या शहराच्या न्हाणीघरांत
मी ऊन उतरवतोय.
इंदिरानगर, डीजीपीनगर, कॉलेज रोडच्या मागच्या गल्ल्या,
कुठल्या गच्चीचा जिना अरुंद,
कुठल्या बोअरच्या पाण्यात चुना जास्त,
सगळं पाठ.
कागद तेवढा नव्हता.
आणि आता सोसायट्या कागद मागतात,
कोटेशनला टाचून.

परीक्षक डुंबरेबाई, पायात कॅनव्हासचे बूट.
म्हणाल्या, दक्षिण दाखवा.
मी पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बोट केलं.
"आणि पाथर्डी फाट्यावर असलात तर?"
पोरं हसली.
तिथे डोंगर बाजू बदलतो, हे मला ठाऊक होतं,
बोटाला नव्हतं.
होकायंत्र घेतलं. काटा थरथरत राहिला,
थंडीनं की माझ्या हातानं, कळेना.

कलाचं मात्र जमलं.
एक वीत आणि चार बोटं, माझं जुनं माप.
बाईंनी कोनमापक टेकवला: एकतीस.
हवे होते तीस.
"बोटं जाड झालीत," मी म्हणालो.
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मग एक काचेची नळी पुढे केली. ही बसवाल?
बुडाचा चंदेरी ठिपका दुधासारखा पांढरा झालेला.
नाही बसवणार, म्हटलं. हवा शिरलीय आत.
पोकळी गेली की ऊब गेली.

शेवटी तोंडी.
टाकीवरचा हवेचा पाइप कशासाठी?
पोरांनी एका सुरात सांगितलं,
दाब व निर्वात यांपासून टाकीचे संरक्षण.
तेच वाक्य माझी ऋतुजा आठवडाभर
भाकऱ्या थापता थापता माझ्याकडून घोकून घेत होती.
माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं ते असं:

बाई, दोन हजार अकराच्या डिसेंबरात
खर्डेकरांच्या गच्चीवर तो पाइप मी बंद केला.
थेंब गळायचा, भिंत ओली व्हायची,
आजोबा रोज फोन करायचे.
टोपण बसवलं, टेफ्लॉनचे सात वेढे.
गळणं थांबलं. चहा झाला, वर शंभर रुपये.
चौथ्या दिवशी गार पाण्याची टाकी रिकामी,
खाली कुणीतरी गरम नळ सोडला,
आणि दोनशे लिटरचा पत्रा
आत गेला,
उपाशी पोटासारखा.
तीन घरांनी आवाज ऐकला.
मी म्हणालो, कंपनीचा मालच हलका.
त्यांना पटलं.

खाली रस्त्यावर पहिल्या पाळीची बस वळत होती.
"पुस्तकात याचं उत्तर एका ओळीचं आहे," बाई म्हणाल्या.
माहीत आहे, म्हटलं.
"नव्या टाकीचे पैसे?"
त्यांनीच भरले.
बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. एकाहत्तर गुण.
तोंडीला किती, ते वेगळं छापत नाहीत.
ऋतुजानं नाव दोनदा वाचलं, शुद्धलेखन तपासल्यासारखं.
प्लास्टिकचं वेष्टन करायला तीस रुपये गेले.

रविवारी खर्डेकरांकडे गेलो.
आजोबा नाहीत आता. सून म्हणाली,
बरं झालं आलात, वरचा पाइप गळतोय,
बंद करून द्या ना.
भिंतीवर शेवाळ, तोच कोपरा.
मी एक वाकणी बसवली,
पाइप नाल्याच्या बाजूला वळवला,
तोंड उघडंच ठेवलं.
खिशात कागद होता, दाखवला नाही.
"किती झाले?" तिनं विचारलं.
बसा थोडं, म्हटलं,
एका जुन्या टाकीबद्दल बोलायचंय.