हद्द

इथे बघा. नाही, तिथे नाही,
करड्या-हिरव्या पट्टीच्या जरा वर, माझ्या बोटाशी.
खाली एक काळ संपतो.
वर कँब्रियन.

तुम्हाला वाटलं असेल कवटी असेल, शिंग,
निदान एखादा शिंपला.
सगळ्यांनाच वाटतं.
आहे तो एका किड्याचा रस्ता.
किडा नाही. त्याला हाड नव्हतं, कवच नव्हतं,
मागे उरेल असं काहीच नव्हतं.
चिखलात शिरला, वर आला,
जरासं सरकून पुन्हा शिरला.
मी पंधरा वर्षं जाळी सांधली,
मला विचाराल तर हा धावदोरा आहे.
सुई गेली, शिवणारा गेला,
टाके राहिले.

त्याआधी समुद्राचा तळ म्हणजे अंथरलेली चटई.
जगायचं ते वरच्यावर.
खाली शिरायचं कुणाला सुचलंच नव्हतं म्हणतात.

ब्याण्णव साली त्यांनी ही हद्द ठरवली.
पुढच्याच उन्हाळ्यात सरकारने
आमच्या बाजूची कॉडची मासेमारी बंद केली.
फाटकाचं कुलूप बघून आम्ही घरी आलो.
हेडली बूटसुद्धा न काढता बसला, म्हणाला,
"चोपन्न कोटी वर्षं मोजता येतात यांना.
मासे तेवढे मोजता आले नाहीत."

नंतर काही वर्षांनी एक टोळी आली,
भिंगं घेऊन, गुडघ्यांवर रांगत.
आणि चार मीटर खाली
तोच टाका.
म्हणजे हा गडी हद्दीच्या अलीकडेच
केव्हाचा शिवत बसलेला!
मी म्हटलं, मग रेघ खाली ओढा.
त्यांच्यातली मारित, नॉर्वेची, नाक पुसत हसली:
"रेघ हलत नाही. सगळ्या जगाने मान्य केलीय.
किड्याला कुणी विचारलं नव्हतं."

हद्दच झाली म्हणायची.

हेडली चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये अल्बर्टाला गेला, तेलाच्या कामावर.
पहिल्या वर्षी पैसे आले. मग नाताळचं कार्ड.
फॉर्मवर विचारतात, विभक्त केव्हापासून?
मी मार्च लिहिते.
काहीतरी लिहावं लागतं,
आणि एकदा लिहिलं की तेच चालू ठेवावं लागतं.
पण कधी भांडी घासताना
त्या दिवसांत बोट फिरवत खाली जाते,
कुलपाच्या खाली, बुटांच्या खाली,
बोट चांगलं चालत होतं त्या वर्षांतही.
सापडतो एखादा.

चला, भरती लागलीय.
दोर सोडू नका, दगडावर शेवाळ आहे.
आणि ताई, तो पाय उचला.
त्याच्यावर उभ्या आहात तुम्ही.