अंगठ्याच्या पल्ल्यात

वखारभागातल्या माझ्या खोलीत
बटण देखणं दिसत होतं :
फिकट राखाडीवर पांढरं, नाजूक,
वर, उजव्या कोपऱ्यात.

हळदीच्या सौद्यात बाबालाल मुजावरांनी
फोन डाव्या हातात घेतला,
कारण उजवा काट्यावर होता.
अंगठा ताणला, अजून ताणला,
कोपरा काही गावेना.
उन्हात पांढरं पांढऱ्यात विरलं.
हळदीनं माखलेलं बोट
काचेला बोटच वाटेना.
मग लाल अक्षरांत : 'अवैध नोंद'.

"चुकलं काय, ते तरी सांगंल का ह्यो?
आमचा अडत्या शिव्या देतोय,
पण कुठलं पोतं, ते सांगून देतोय."

रात्री बटण खाली आणलं,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
गडद, पोत्यावरच्या शाईच्या आकड्यासारखं.
लाल अक्षरं पुसून लिहिलं :
'सतरा नंबरच्या पोत्याचं वजन राहिलंय.'
पुसलेलं परत आणायची सोय केली;
घाईत माणूस चुकणारच.
तीन मेनू काढले.
त्यातल्या एकावर माझा फार जीव होता.

दुसऱ्या दिवशी मुजावर
हमालांशी बोलत, चहा मागवत,
पडद्याकडं धड न बघता
एकशे चार पोती नोंदवून मोकळे झाले.
माझ्या कामाबद्दल चकार शब्द नाही.
"हे घ्या तुमचं," म्हणाले, आणि फोन दिला.

काल काच सगळीकडं पिवळी झाली होती.
आज एकाच जागी,
खाली, जरा डावीकडं.