लाल झेंड्याच्या आधी

रीलमध्ये मी अठरा पावलं धावते,
फळीवर पाय देते
आणि मानकापूरच्या वाळूत उतरते.
तिथंच संपते रील.

पुढचे चार सेकंद फक्त गुंजनच्या मोबाईलमध्ये आहेत:
खुर्चीतून उठलेले पंच,
त्यांच्या हातातला लाल झेंडा,
आणि माझ्या तोंडून निघालेली शिवी,
जी ऐकून मागे उभ्या निखारे मॅडम
टोपी डोळ्यांवर ओढून घेतात.

फाउलचं माप कोणी घेत नाही.
गुंजननं घेतलं, पायातल्या चपलेनं,
आणि लिहिलं: पाच मीटर साठच्या वर,
श्रावस्ती मेश्राम, नागपूर. एक वाघीण. तीन जाळ.
‘काऊन नाही टाकायचं बे?
उडी तर तूच मारली ना?’

उडी मीच मारली.
तीन दिवसांत अकरा हजार लोकांनी पाहिली.
टेका नाक्यावरच्या दुकानदारानं
रिचार्जचे पैसे घेतले नाहीत.
माझी कायद्यातली उडी चार सत्त्याण्णव,
ती कोणी विचारलीही नाही.

मग पुण्याहून मेसेज आला.
कॉलेजचे क्रीडा संचालक, नाव, नंबर, सगळं खरं.
‘कोट्यात एक जागा आहे. होस्टेल, बूट, खुराक.
पूर्ण व्हिडिओ पाठवा.’

पूर्ण.
रात्री कूलरमध्ये पाणी ओतताना
तो शब्द बादलीच्या तळाशी दिसत राहिला.

‘डिलीट मार, संपलं,’ गुंजन म्हणाला,
‘कोण पाहून राहिलं?’

फळीच्या पुढं प्लास्टिसिनची पट्टी असते.
बुटाचं टोक लागलं की ठसा उमटतो.
मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या,
वाळू दाताळ्यानं सारखी करता येते पोरी,
ही पट्टी बदलावी लागते.

दीड वाजता पाठवला.
बावीस सेकंद, शिवीसकट.
खाली लिहिलं: ही उडी फाउल आहे.
खरी चार सत्त्याण्णव.
शिवीबद्दल पंचांची माफी मागितली आहे.
मग ‘मागितली आहे’ खोडलं,
कारण मागितली नव्हती.
‘मागणार आहे’ लिहिलं.
मग रील काढली. वाघीण गेली, जाळ गेले.
कोणाकोणाच्या फोनमध्ये उतरून बसले असतील,
त्यांचं मी काय करणार.

दोन निळ्या खुणा आल्या सकाळी.
उत्तर नाही.

पंचांचं घर गोधनीला.
त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं नाही,
मी सांगितल्यावर म्हणाले,
‘अच्छा, ती तू होय,’
आणि पाणी आणायला आत गेले.

आज रविवार. ऊन चढायच्या आत
साडेपाचला मैदानावर आलो.
गुंजननं सवयीनं मोबाईल वर केला.
ठेव तो, म्हटलं, टेप धर.
शून्य वाळूकडे असतं,
ठशाच्या मागच्या काठावर.
दाबून धर.
मी येते पळत.