पाठमोरा

दाजीपूरच्या फाटकाशी पावणेसहाला जीप थांबली तेव्हा
माझ्या मनगटावर अजून कालच्या लग्नातली हळद होती.
राजारामपुरीत माझा फोटो स्टुडिओ.
बावीस वर्षं एकच वाक्य बोलत आलोय:
इकडे बघा. हां. जरा हसा.

जानकू झोरे पुढे आला.
खाकी शर्ट, टायरच्या वहाणा, गळ्यात दुर्बीण,
जिची झाकणं त्यानं दिवसभर काढली नाहीत.
"बोलायचं न्हाई. खोकला आला तर गिळायचा.
पाखरू दिसलं म्हणून बोट दावायचं न्हाई,
हनुवटीनं दावायचं."

आम्ही सहाजण आपापल्या हनुवट्या घेऊन निघालो.

सांगलीचे दातांचे डॉक्टर,
लेन्स तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून;
इचलकरंजीचे सूतवाले मगदूम, त्यांची बायको,
आणि नात चार्वी, जिच्या वहीत पहिली नोंद होती
"कोंबडा. राधानगरी स्टँड."
सहावा एक तरुण, त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

उजेड अजून झाडांच्या शेंड्यांवरच अडकलेला.
खाली ओल्या पाल्याचा वास, त्यात गव्याचं ताजं शेण.
कुटुरगा एकच हिशोब पुन्हा पुन्हा घालत बसलेला.
भृंगराजानं आधी शिक्र्याची नक्कल केली, मग मांजराची,
मग बहुतेक आमच्या जीपची.
वरून धनेश गेला;
कुणी गच्चीवर सतरंजी झटकावी
तेवढाच आवाज, पक्षी नाही.
जानकू ऐकायचा, थांबायचा,
पायवाट सोडून चार पावलं आत जायचा,
आणि आम्हाला वाटायचं, याला काहीतरी दिसलं.

अंजनीच्या दाटीत तो बसला.
"कर्णा हाय हितं."
डॉक्टरांनी मोबाईल काढला,
त्यात कर्ण्याची शीळ भरून आणलेली.
जानकूनं त्यावर तळहात ठेवला.
"परक्या नराचा आवाज घालून
त्येच्या घरात भांडण लावता व्हय?"
"सगळे लावतात," डॉक्टर म्हणाले.
"लावू देत की."

मग चाळीस मिनिटं.
मुंग्या माझ्या मोज्यातून वर आल्या, बघून परत गेल्या.
आणि जानकूची हनुवटी हलली.

आडव्या फांदीवर, नजरेच्या उंचीला,
वाळक्या पानाच्या रंगाची पाठ.
बस्स. पाठ.
"पोट इंगळावानी लाल हाय," तो कानात म्हणाला,
"म्हणून तर झाकून बसलंय.
पाठ दिली म्हंजे त्येनं आपल्याला कवाच बघितलंय."

माझ्या तोंडात ते वाक्य आलं,
बावीस वर्षांच्या सवयीनं, दातांपर्यंत.
मी ते खोकल्यासारखं गिळलं.

एकदाच मान वळली. डोळ्याभोवती निळी कड.
मग फांदी रिकामी, आणि झाडांमधून
काहीतरी लाल निघून गेल्याचा संशय,
जो कुणाच्याच कार्डात उतरला नाही.

धनगरवाड्यात कोरा चहा पिताना
डॉक्टर गप्प होते.
चार्वीनं लिहिलं, "कर्णा. फक्त मागून."
आजोबा म्हणाले, अगं, मागून कशाला लिहितेस?
ती म्हणाली, मग काय खोटं लिहू?
जानकूनं माझ्या कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं,
अकरा फोटो, अकरा पाठी.
"आमाला बी असंच दिसतंय," म्हणाला,
आणि बशी खाली ठेवून उठला.

मे महिन्यात गडहिंग्लजला लग्न होतं.
मंडपात नवरीच्या नावानं आरडाओरडा,
आणि ती आतल्या खोलीत लोखंडी कॉटवर
दाराकडे पाठ करून बसलेली,
शालूचा पदर मांडीवर गोळा करून
एकटीच शेंगदाणे खात.
मी दारात उभा राहिलो.
श्वास धरला. एकदाच दाबलं.
ते वाक्य बोललो नाही.

अल्बम चाळताना तिचे वडील थांबले.
"हा चुकून आलाय काय?"
त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं.
मानेवर सुटलेली एक बट,
तिच्याखाली पुसायची राहिलेली हळद.

मी बोट दाखवलं नाही.
हनुवटी जराशी पुढे केली.