वाडगा पूर्ण गोल धरला आहे

तीन पानं खोडून झाली होती.
टार्टूच्या वसतिगृहात अकराला हीटर बंद होतो,
म्हणून हेल्व्ही कोट घालूनच गणिताला बसली होती:
वाडग्यात फिरणारी गोटी. तिची वाट शोधा.
क्ष, य, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं,
समीकरणं एकमेकांच्या पायात पाय घालून पडलेली.

शेवटी तिने खराच वाडगा काढला,
सारेमा बेटावरून आणलेला, ज्युनिपरच्या लाकडाचा,
अजून मिरीसारखा वास येणारा.
गोटी नव्हती. सुका वाटाणा होता.
काठाला धरून तिरका सोडला.
तो घसरला, वळला, चढला, पुन्हा वळला,
बुडाला काही टेकेना.

वाटाणा काढून तिने डोळे मिटले,
रिकामा वाडगा टेबलावर फिरवला, किती ते न मोजता.
डोळे उघडले, तर
फिरवलाय की नाही, सांगता येईना.

सांगता येईना!
मग जे सांगता येत नाही
त्याचा हिशेब मी तीन पानं कशाला ठेवत होते?

तिने कोन लिहिला.
ऊर्जेत शोधला. कोनाचा वेग होता,
कोन कुठेच नव्हता.
न भांडता घराबाहेर पडावं तसा तो गेला
आणि जाताना एक आकडा ठेवून गेला, न बदलणारा.
उरलं फक्त अक्षापासूनचं अंतर,
आत, बाहेर, आत, बाहेर, दोन भिंतींच्या मध्ये;
त्यातली आतली भिंत तर लाकडाचीही नाही,
त्या आकड्याचीच.
साडेचार ओळी. पेन्सिलीला टोकही करावं लागलं नाही.

खुशीत तिने वाटाणा पुन्हा सोडला
आणि आता ऐकू आलं:
टक्.
एक फेरी.
टक्.

एन्डेल, तिचा बाप, लेथवर हा वाडगा उतरवत होता.
फिरता फिरता लाकूड विसरत गेलं
आपली उत्तर कुठली, दक्षिण कुठली.
मग दार वाजलं. पटाशी सरकली, नखाएवढी.
दारात कोण होतं, त्याने कधी सांगितलं नाही.
त्या दिवसानंतर त्याने लेथ लावला नाही, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक.

टक्.
इथे कोन परत येतो.
तो आकडा इथे जरासा झिजतो, दर फेरीला.

हेल्व्हीने वाटाणा मुठीत धरला.
उत्तराच्या वर, समासाला चिकटून,
बारीक अक्षरात लिहिलं:
वाडगा पूर्ण गोल धरला आहे.