झोंबलं की पोळलं

परळच्या इस्पितळात, त्वचेच्या ओपीडीत
माझा नंबर एकशे सेहेचाळीस.
डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची,
कुठून तरी लांबून शिकायला आलेली.
मान खाली घालून विचारते,
"जलन होती है? हाँ या ना?"

आणि इथेच माझी पंचाईत.

कारण पहिल्या रात्री नुसती चुणचुण होती.
बाटलीवर तसं लिहिलंच होतं.
नाकाच्या दोन्ही अंगांना,
मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात
तितपतच.
खालच्या मजल्यावर कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या
तोवर गेलीसुद्धा.
आरशात पाहिलं तर तीच मी,
तेराशे रुपयांनी किंचित उजळ.

दुसऱ्या आठवड्यात हुळहुळलं.
हुळहुळणं म्हणजे दुखणं नव्हे, डॉक्टर.
म्हणजे गालाला टॉवेल लागला तर कळतो.
एरवी टॉवेल कुठे कळतो?

दुकानात साड्यांच्या घड्या घालता घालता
झरीन मुकादम म्हणाली,
"लागतंय ना? म्हणजे लागू पडतंय."
मला ते पटलं.
नवी चप्पल आठ दिवस चावते
आणि मग आपली होते;
मला वाटलं चेहऱ्याचंही तसंच असेल.
शेठना काउंटरवर फ्रेश माणसं लागतात,
आणि मी ट्यूबलाइटखाली रोज नऊ तास उभी.

आमच्या घरात
अळू खवखवायचं,
मिरची झोंबायची,
गुडघ्यावर आयोडीन चरचरायचं,
चुन्यानं तोंड पोळायचं,
आणि बिब्बा उतायचा.
एकाचं क्रियापद दुसऱ्याला लावलं
की आई हसून हसून बेजार.
एवढं सगळं
त्या एका रकान्यात कसं बसवू?

(मागे एकशे सत्तेचाळीस नंबर
कोपर खरवडतोय. त्याचा आवाज येतो.)

रविवारी पहाटे पाणी आलं.
पिंप भरलं, कळशी भरली,
उरलेलं ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.
साबण नाही, काही नाही.
नळाचं गार पाणी.

ते झोंबलं.

त्रेचाळीस वर्षांत मला पाणी कधी झोंबलं नव्हतं.
मोरीत तशीच उभी राहिले,
हनुवटीवरून थेंब गळत होते
आणि प्रत्येक थेंबाला धार होती.
तेव्हाच कळलं होतं, खरं सांगते.
तरी आणखी चार रात्री लावलं.
बाटली अर्धी होती म्हणून.
झरीनला काय सांगायचं म्हणून.
आणि सोसायची सवय आहे म्हणून,
हे मात्र कुठल्याच रकान्यात विचारत नाहीत.

"हाँ या ना?"

मी म्हटलं, "पानी लगता है."
पेन थांबलं.
"पानी? सादा पानी?"
"सादा."

तेव्हा कुठे तिनं मान वर केली.
खिडकीकडे वळवून गाल पाहिला,
डोळ्यांखालची सूज पाहिली,
कानामागची लाली मी सांगितलीच नव्हती,
तीही तिनं शोधली.
म्हणाली, सगळं बंद. साबणसुद्धा.
हे एक साधं मलम, पंधरा दिवस, बाकी काही नाही.
मग जरा घुटमळून,
"वो पहलेवाला क्या बोला आपने? जो चला गया था?"
"चुणचुण."
"चुनचुन," ती म्हणाली.
ण काही जमला नाही तिला,
पण कागदाच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी शिवडीला घरी पोचले.
आई लसूण सोलत बसलेली.
हल्ली तिला मोठ्यानं सांगावं लागतं.
"काय म्हणाली गं डॉक्टरीण?"
मी ओरडून सांगितलं, "उतलं म्हणाली!"

डॉक्टर असं काही म्हणाली नव्हती.

आईनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ,
लसणाचे हात लांब धरून.
"मग आता हात नको लावू," म्हणाली.